एकाच वर्षात दोनदा सभागृहाबाहेर काढलेला आमदार : लुई वॉल्डमन

सांजपर्व

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर आमदारांच्या निलंबनावरून बरीच चर्चा झाली, त्यात मी लुई वॉल्डमनचं नाव घेतलं तर दोघातिघांनी वेगळा धागा काढा म्हणून आग्रह केला, म्हणून हा लेखनप्रपंच. मोठं होणार आहे, तुकड्यातुकड्यात टाकते, मधेमधे बोलत रहा.

आधी मूळ गोष्ट. १९२० साली न्यूयॉर्क राज्याच्या असेम्ब्लीनं (आपल्या विधानसभेसारखं तिथलं खालचं सभागृह) निवडून आलेल्या पाच सदस्यांना बाहेर काढलं. पैसे खाल्ले म्हणून नाही, मारामारी केली म्हणून नाही, मतमोजणीत घोळ होता म्हणूनही नाही. ते सोशलिस्ट पक्षाचे होते म्हणून. वॉल्डमन त्या पाचातला एक, तेव्हा वय २८. पुढे त्या जागांसाठी पोटनिवडणूक झाली, लोकांनी पाचही जणांना परत निवडून दिलं, आणि सभागृहानं वॉल्डमनसकट तिघांना परत काढलं. आणि हा माणूस त्यानंतर तीन वर्षांच्या आत वकिलीची सनद घेऊन मोकळा झाला आणि आयुष्यभर कामगारांचे खटले लढला. मला त्याच्याबद्दल जे वाटतं ते एवढंच आहे की ज्या कायद्यानं त्याला दाराबाहेर उभं केलं त्याच कायद्यावरचा विश्वास त्यानं सोडला नाही, आणि त्यापायी पुढे स्वतःचा पक्ष सुद्धा सोडला.

जन्म ५ जानेवारी १८९२, युक्रेनमधल्या एका खेड्यात, तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता. ज्यू कुटुंब, वडील सराई चालवायचे. १९०९ साली सतराव्या वर्षी न्यूयॉर्कला आला, बहिणी आधीच तिकडे होत्या. शिवणाच्या धंद्यात कटर म्हणून लागला. म्हणजे कापडाचे थर एकावर एक रचून मापानं कापायचे, हात जरा हलला की अख्खी थप्पी वाया. दिवसभर हे आणि रात्री वर्गाला जायचं. कूपर युनियन ही संस्था तेव्हा फी घेत नसे, तिथून १९१६ ला इंजिनिअरिंगची पदवी मिळवली. म्हणजे बघा, कटर, मग इंजिनिअर, मग आमदार, मग वकील.

पण त्याच्या राजकारणाची सुरुवात वर्गात झालीच नाही. २५ मार्च १९११, शनिवार दुपार. तो अ‍ॅस्टर लायब्ररीत वाचत बसला होता, बाहेर आगीच्या बंबांचा आवाज यायला लागला म्हणून उठून आवाजाच्या दिशेनं धावला. दोनचार गल्ल्या ओलांडल्यावर ट्रायँगल शर्टवेस्ट कंपनीची इमारत. आठवा, नववा आणि दहावा मजला पेटलेला. फायर ब्रिगेडची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. खाली जाळ्या धरल्या होत्या पण मुली दोघी-तिघी एकमेकींना धरून उडी टाकत होत्या आणि त्या वजनानं जाळ्या फाटत होत्या. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूप लावून बंद होतं. १४६ जणांचा जीव गेला, बहुतेक सगळ्या तरुण मुली, ज्यू आणि इटालियन, सगळ्यात लहान १४ वर्षांच्या. वॉल्डमन गर्दीत उभा राहून हे बघत होता, एकोणीस वर्षांचा, त्याच धंद्यातला कामगार. आत्मचरित्रात त्यानं हे सविस्तर लिहिलंय, ते शांतपणे वाचणं अवघड आहे.

त्या वर्षाअखेर खटला चालला आणि दोन्ही मालक सुटले, कारण दार बंद आहे हे त्या क्षणी मालकांना माहीत होतं असं ज्यूरीला खात्रीनं म्हणता येईना. पुढे दिवाणी दाव्यात काही कुटुंबांना माणशी ७५ डॉलर मिळाले. ७५.

---

तेजू_एनजे

छान धागा, सांजपर्वताई. ती इमारत अजून उभी आहे, वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बाजूला, आता न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीकडे आहे आणि आत प्रयोगशाळा आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे स्मारक झालं, स्टीलची पट्टी वरून खाली येते आणि त्यात गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. दरवर्षी २५ मार्चला लोक खडू घेऊन शहरभर फिरतात आणि त्या मुली जिथे रहायच्या त्या घरांसमोरच्या फुटपाथवर नाव, वय आणि पत्ता लिहितात. मी ईस्ट व्हिलेजमध्ये एका दारासमोर असं लिहिलेलं बघितलंय. एकाच रस्त्यावर इतकी नावं, इतकी लहान वयं, पुढे चालवतच नाही.

---

पिंपळपान

वाचतोय, पुढचा भाग लवकर टाका. एक शंका: हे असेम्ब्लीवाले किती वर्षांसाठी निवडून यायचे? पाच वर्षं का?

---

सांजपर्व

@तेजू, खडूनं नावं लिहितात हे इथे सांगितलंस ते बरं केलंस.

@पिंपळपान, फक्त एक वर्ष! तेव्हा दर नोव्हेंबरात असेम्ब्लीची निवडणूक व्हायची आणि जानेवारीत नवं सभागृह बसायचं. हे लक्षात ठेवा, पुढे फार महत्त्वाचं आहे, कारण वर्षभराच्या मुदतीत चौकशीच तीन महिने चालवली की सदस्याचं उरतं काय.

आता पुढे. आगीनंतर राज्यानं फॅक्टरी चौकशी आयोग नेमला, त्यात रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ हे दोघं आघाडीवर होते. स्मिथ स्वतः लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीतला, शाळा अर्धवट सोडलेला, मासळी बाजारात काम केलेला. या आयोगामुळे न्यूयॉर्कचे कामगार कायदे आमूलाग्र बदलले. स्मिथचं नाव लक्षात ठेवा, १९२० ला गव्हर्नर तोच आहे.

१९१७ च्या नोव्हेंबरात अमेरिका महायुद्धात उतरलेली होती आणि सोशलिस्ट पक्षानं युद्धाला उघड विरोध केला होता. तरी न्यूयॉर्क शहरात महापौरपदाच्या त्यांच्या उमेदवाराला, मॉरिस हिलक्विटला, २२ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि असेम्ब्लीत त्यांचे दहा जण निवडून गेले. त्यात लोअर ईस्ट साइडच्या आठव्या मतदारसंघातून वॉल्डमन. त्या दहात बेंजामिन गिटलोही होता, त्याच्याकडे नंतर येते. पुढच्या निवडणुकीत दोघेच उरले, वॉल्डमनही पडला. १९१९ च्या नोव्हेंबरात परत पाच आले: वॉल्डमन, ऑगस्ट क्लेसेन्स, सॅम्युअल डीविट, सॅम्युअल ऑर आणि चार्ल्स सॉलोमन. १५० च्या सभागृहात पाच. रिपब्लिकन ११०, डेमोक्रॅट ३५. म्हणजे या पाचांनी ठरवलं असतं तरी कुठलंही बिल त्यांना पास करता आलं नसतं की अडवता आलं नसतं.

७ जानेवारी १९२०, अधिवेशनाचा पहिला दिवस. पाचही जणांनी बाकी सगळ्यांसारखी शपथ घेतली, आपापल्या जागेवर बसले, स्पीकरच्या निवडणुकीत मत दिलं. स्पीकर झाला थॅडियस स्वीट, ऑस्वेगो परगण्यातला रिपब्लिकन, कागद कारखान्याचा मालक. नेहमीचं कामकाज सुरू झालं आणि मग अचानक स्वीटनं सार्जंट-अ‍ॅट-आर्म्सला (सभागृहात शिस्त राखणारा अधिकारी) हुकूम दिला की या पाच जणांना सभागृहाच्या मधोमध आणून उभं करा. त्यांना आधी काही सांगितलेलं नव्हतं. पाच जण स्पीकरच्या आसनासमोर उभे आणि तो वरून वाचतोय की तुम्ही ज्या जाहीरनाम्यावर निवडून आलात तो राज्याच्या आणि देशाच्या हिताच्या पूर्ण विरोधात आहे. लगेच ठराव आला, यांना निलंबित करा आणि न्यायविषयक समितीकडून चौकशी करा. १४० विरुद्ध ६ मतांनी पास. बोलायची धड संधी नाही, आरोपपत्र नाही, वकील नाही. सार्जंट त्यांना दरवाजापर्यंत घेऊन गेला.

सकाळी यांचीच मतं स्पीकरच्या निवडणुकीत मोजली होती. मला त्या दिवसातली ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते, की मोजून घ्यायला चालले आणि बोलायला चालले नाहीत.

---

जुना_पुणेकर

ताई, लेखन उत्तम पण थोडी दुसरी बाजू पण यावी असं वाटतं. १९१९ साल अमेरिकेत साधं नव्हतं. एप्रिलमध्ये पोस्टानं बाँब पाठवले गेले, जूनमध्ये आठ शहरांत एकाच रात्री स्फोट झाले, अ‍ॅटर्नी जनरल पामरच्या घरासमोर स्फोट झाला. तिकडे रशियात क्रांती होऊन दोनच वर्षं झालेली. सामान्य माणूस घाबरला असेल तर त्यात काय नवल. शिवाय आरोप नुसते विचारांबद्दलचे नव्हते, असं म्हणणं होतं की हे सदस्य पक्षाला आगाऊ राजीनामा लिहून देतात आणि पक्षात नागरिक नसलेले लोक आणि अल्पवयीन पण असतात, म्हणजे आमदार मतदारांचा नाही तर पक्षाचा बांधील. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

---

सांजपर्व

@जुना_पुणेकर, भीती खरी होती हे मान्य. पण बाँब टाकणारे अराजकवादी वेगळे, हे पाच वेगळे. उलट १९१९ च्या सप्टेंबरात सोशलिस्ट पक्ष फुटला, ज्यांना रशियासारखी क्रांती हवी होती ते बाहेर पडून कम्युनिस्ट झाले आणि हे पाच मागे राहिले, मतपेटीतूनच जायचं म्हणून. म्हणजे सभागृहानं काढलं कोणाला, तर ज्यांनी क्रांतीला नकार देऊन निवडणूक निवडली त्यांना. पक्षाच्या बांधिलकीचं म्हणाल तर कुठल्या पक्षात व्हीप नसतो? ते पटत नसेल तर पुढच्या नोव्हेंबरात मतदारांनी घरी पाठवावं, दहा महिन्यांवर तर निवडणूक होती.

आणि वातावरण कोण तापवत होतं हेही बघायला हवं. राज्याच्याच विधिमंडळानं लस्क समिती बसवली होती. तिनं १९१९ च्या जूनमध्ये सोशलिस्टांच्या रँड स्कूलवर धाड टाकली, कागदपत्रं उचलली. पामरच्या देशभरातल्या धाडींपैकी सगळ्यात मोठी २ जानेवारी १९२० ला पडली, हजारो लोक उचलले. सभागृहातला प्रकार त्यानंतर पाच दिवसांनी. तिकडे वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसनं व्हिक्टर बर्गर या सोशलिस्टाला बसू दिलं नव्हतं (तो परत निवडून आला तर १० जानेवारीला परत नाकारलं). स्वीटच्या डोळ्यांसमोर त्या पहिल्या नकाराचं उदाहरण होतंच.

---

कोर्टकचेरी

यातला कायद्याचा भाग माझ्या आवडीचा, म्हणून थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे पाच जण कोर्टात का नाही गेले. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत आपल्या सदस्यांच्या पात्रतेचा निवाडा सभागृहानंच करायचा असं आहे. आणि फेडरल कोर्टात जायचं तर भाषणस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती तेव्हा फक्त केंद्राला लागू धरली जायची, राज्यांना नाही. ती राज्यांनाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टानं धरलं १९२५ मध्ये, आणि ते कोणाच्या केसमध्ये? सांजपर्वताईंनी वर ज्याचं नाव घेतलं त्याच गिटलोच्या. वॉल्डमनबरोबर १९१८ ला असेम्ब्लीत बसलेला, नंतर कम्युनिस्टांकडे गेला, एक जाहीरनामा छापल्याबद्दल शिक्षा झाली. गिटलो स्वतः केस हरला, पण जाता जाता कोर्टानं जे तत्त्व गृहीत धरलं त्यावर पुढचा सगळा डोलारा उभा आहे. आणि त्याला माफी कोणी दिली, तर गव्हर्नर अल स्मिथनं.

दुसरं म्हणजे १९६६ ची ज्युलियन बाँडची केस. जॉर्जियातला तरुण कृष्णवर्णीय नेता, व्हिएतनाम युद्धाला विरोध केला म्हणून जॉर्जियाच्या सभागृहानं १८४ विरुद्ध १२ मतांनी त्याला बसूच दिलं नाही. सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की आमदाराला मतं मांडायचं स्वातंत्र्य सामान्य नागरिकापेक्षा कमी असू शकत नाही. हा निकाल १९२० ला असता तर स्वीटचा ठराव एक दिवस टिकला नसता.

आणि आपल्याकडचं. २०२१ च्या जुलैत महाराष्ट्र विधानसभेनं १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं, जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. पक्ष कुठला ते बाजूला ठेवा, कोर्टाचं म्हणणं बघा: वर्षभराचं निलंबन हे हकालपट्टीपेक्षा वाईट, कारण हकालपट्टीत जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक तरी होते, इथे मतदारसंघ नुसताच बिनआवाजाचा राहतो. न्यूयॉर्कच्या त्या पाच मतदारसंघांची जानेवारी ते मार्च हीच गत होती.

---

रानमेवा

कोर्टकचेरी, तुमच्या प्रतिसादांसाठी वेगळा धागा काढा हो _/\_

२०२३ ला टेनेसीत दोन तरुण सदस्यांना काढलं होतं ना बंदूक कायद्यासाठी सभागृहात आंदोलन केलं म्हणून, ते पण परत निवडून आले. तेव्हा बातम्यांमध्ये या न्यूयॉर्कच्या पाचांचा उल्लेख वाचल्याचं आठवतंय.

---

सांजपर्व

@रानमेवा, हो, जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअर्सन. फरक एवढाच की तिथे त्यांच्यावर सभागृहातल्या वर्तनाचा ठपका होता, पटो न पटो. न्यूयॉर्कच्या पाचांवर तर सभागृहातल्या वर्तनाचा काही आरोपच नव्हता.

आता माझ्या आवडीचा भाग. काढल्याच्या दोनच दिवसांत स्पीकर स्वीटला एक जाहीर पत्र आलं, आणि पाठवणारा कोणी सोशलिस्ट नव्हता. चार्ल्स इव्हान्स ह्यूजेस. न्यूयॉर्कचा माजी गव्हर्नर, सुप्रीम कोर्टाचा माजी न्यायाधीश, १९१६ ला रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार, विल्सनकडून थोडक्यात हरलेला. म्हणजे स्वीटच्याच पक्षातला सगळ्यात वजनदार माणूस. त्यानं म्हटलं की गुन्ह्याचा आरोप असेल तर तो आरोप ठेवून चौकशी करा, पण शांततेनं मतपेटीतून बदल घडवू पाहणाऱ्यांना प्रतिनिधित्व नाकारणं हा प्रातिनिधिक सरकारवरच घाला आहे. नुसतं पत्र लिहून थांबला नाही, न्यूयॉर्क शहराच्या बार असोसिएशनतर्फे समिती घेऊन ऑल्बनीला (न्यूयॉर्क राज्याची राजधानी, असेम्ब्ली तिथेच बसते) गेला, या पाचांच्या बाजूनं उभा रहायला. न्यायविषयक समितीनं त्यांना भाग घेऊ दिला नाही, तेव्हा त्यांनी लेखी म्हणणं मागे ठेवलं आणि परत फिरले.

आणि अल स्मिथ. डेमोक्रॅट गव्हर्नर, लोअर ईस्ट साइडवर सोशलिस्टांशी त्याच्या पक्षाची थेट मारामारी, हे पाच गेले तर फायदा त्याच्याच पक्षाचा. त्यानं जाहीर सांगितलं की यांची तत्त्वं मला अजिबात मान्य नाहीत, पण कायदेशीर पक्षाच्या लोकांनी निवडून दिलेल्यांना असं काढणं चालणार नाही. आपल्या विरोधकाच्या जागेसाठी भांडायला किती लोक उभे राहतात हो? मला या दोघांबद्दल, ह्यूजेस आणि स्मिथ, मनापासून आदर आहे.

समितीसमोरची चौकशी २० जानेवारीला सुरू झाली. पाचांच्या बाजूनं हिलक्विट आणि शिकागोचा सेमूर स्टेडमन हे वकील. साक्षी काय, तर पक्षानं १९१७ ला युद्धविरोधी ठराव केला, कोणी कुठल्या सभेत काय भाषण केलं, रशियाबद्दल काय म्हटलं. वॉल्डमन, इंजिनिअर माणूस, साक्षीला बसून तासन् तास उत्तरं देत होता की होय आम्हाला उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची हवी आहेत, आणि होय ती मतांनी हवी आहेत. जे जे म्हणून त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडलं ते सगळं आधीच छापील जाहीरनाम्यात होतं आणि लोकांनी ते वाचूनच मत दिलं होतं! खटला चालला तो पाच माणसांवर, पण आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांचे मतदार होते.

३१ मार्चला सुरू झालेली चर्चा रात्रभर चालून १ एप्रिलच्या सकाळी मतदान झालं. वॉल्डमन, क्लेसेन्स, सॉलोमन: ११६ विरुद्ध २८. ऑर आणि डीविट: १०४ विरुद्ध ४०. विरोधात बोलणाऱ्यांमध्ये माजी राष्ट्राध्यक्षाचा मुलगा थिओडोर रूझवेल्ट ज्युनिअर होता, तोही रिपब्लिकन आमदार, नुकताच फ्रान्सच्या आघाडीवरून लढून आलेला. सोशलिस्टांवर त्याचा राग होता आणि तो त्यानं लपवला नाही, पण म्हणाला की त्यांना हरवायचं ते मतदानात हरवू.

---

पिंपळपान

मग पोटनिवडणूक कधी झाली? लगेच?

---

सांजपर्व

लगेच नाही. अधिवेशन संपलंच. पण शहरात घरांची भयंकर टंचाई, भाडी वाढलेली, लोकांना घराबाहेर काढत होते, म्हणून स्मिथनं सप्टेंबरात खास अधिवेशन बोलावलं आणि त्याआधी या पाच जागा भरायला १६ सप्टेंबर १९२० ला मतदान ठेवलं. बहुतेक ठिकाणी दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून एकच उमेदवार दिला.

आता तारीख परत बघा. १६ सप्टेंबर १९२०. त्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला वॉल स्ट्रीटवर मॉर्गन बँकेसमोर घोडागाडीत ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला, तीसहून जास्त माणसं मेली, शेकडो जखमी. मॉर्गनच्या इमारतीच्या भिंतीवर त्याचे खड्डे अजून आहेत. करणारे कधीच सापडले नाहीत. आणि त्याच दिवशी, त्याच शहरात, वॉल्डमनच्या मतदारसंघात तर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, लोक मत द्यायला चालले होते, ज्यांना बाँबवाले म्हणून बदनाम केलं त्यांना. पाचही निवडून आले. मला तरी यापेक्षा स्वच्छ जनमत माहीत नाही.

२१ सप्टेंबरला असेम्ब्लीनं परत मतदान घेतलं. वॉल्डमन, क्लेसेन्स आणि सॉलोमन परत बाहेर. ऑर आणि डीविटना ठेवलं, तर त्या दोघांनी तिथल्या तिथे राजीनामे दिले, तिघे नकोत तर आम्हीही नको म्हणून. घरभाड्याचे जे कायदे त्या अधिवेशनात झाले त्यावर सगळ्यात जास्त भाडेकरू असलेल्या त्या मतदारसंघांचा एकही माणूस बोलायला नव्हता.

---

तेजू_एनजे

हे माहीतच नव्हतं. त्या खड्ड्यांवरून हात फिरवलाय मी, पण त्याच दिवशी हे मतदान होतं हे कुठेच लिहिलेलं नाही.

वॉल्डमन परत आमदार झाला का?

---

सांजपर्व

नाही, असेम्ब्लीत परत कधीच नाही बसला. न्यूयॉर्क लॉ स्कूलमधून १९२२ ला पदवी, १९२३ ला सनद. आणि मग कामगार संघटनांचा वकील. संप झाला की मालक कोर्टातून मनाई हुकूम आणायचे, पिकेटिंगवाल्यांना (कारखान्याच्या दारात धरणं धरणाऱ्यांना) पोलीस उचलायचे, ते सोडवायला हा. गव्हर्नरपदासाठी पक्षातर्फे उभा राहिला १९२८, १९३० आणि १९३२ ला. १९२८ ला फ्रँकलिन रूझवेल्ट गव्हर्नर झाला तो जेमतेम पंचवीस हजारांच्या फरकानं आणि वॉल्डमनला लाखाच्या वर मतं होती!

मग १९३४. डेट्रॉइटच्या अधिवेशनात सोशलिस्ट पक्षाच्या तरुण डाव्या गटानं तत्त्वांची नवी घोषणा आणली, त्यात युद्ध झालं किंवा व्यवस्था कोसळली तर कायद्याची पर्वा न करता काय काय करू अशा अर्थाची भाषा होती. विरोधात सगळ्यात पुढे वॉल्डमन. म्हणणं हे की असं लिहिलंत तर १९२० ला ऑल्बनीत आमच्यावर जो खोटा आरोप केला होता तो तुम्ही स्वतःच्या सहीनं खरा करताय. घोषणा पास झाली. १९३६ ला त्यानं आणि त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी पक्ष सोडला आणि सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन काढली. पंचविशीपासून ज्या पक्षासाठी राबला तो पक्ष सोडणं सोपं नसतं.

---

जुना_पुणेकर

हे वाचून माझं मत बरंच बदललं हे कबूल करायला हवं. पण हाच वॉल्डमन पुढे गोदी कामगारांच्या आयएलए संघटनेचा वकील होता ना? १९५३ ला न्यूयॉर्क बंदरातल्या गुंडगिरीवरून जिला एएफएल महासंघानं हाकलून दिलं ती. तत्त्वनिष्ठ माणसानं असलं वकीलपत्र घ्यावं?

---

कोर्टकचेरी

वकील म्हणून सांगतो, जुना_पुणेकर, वकीलपत्र घेणं म्हणजे अशिलाच्या कृत्यांना पाठिंबा नव्हे. त्या गुंडगिरीवर उपाय म्हणून आलेल्या बंदर आयोगाच्या कायद्यात पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाला गोदीवर काम नाकारायची तरतूद होती, नोंदणीशिवाय मजुरी मिळणार नाही अशी. त्यात साधे हमाल पण भरडले जाणार होते. त्यांची बाजू कोणीतरी मांडायला नको?

---

सांजपर्व

मला स्वतःला ते वकीलपत्र रुचत नाही, कोर्टकचेरींचा मुद्दा मान्य असूनही. ती संघटना कामगारांची राहिलीच नव्हती, रोज सकाळी गोदीवर कोणाला काम द्यायचं ते मुकादम ठरवायचा आणि त्यासाठी मजुरांकडून पैसे उकळायचा. ट्रायँगलसमोर उभं राहिलेल्या माणसाला हे दिसत नसेल असं वाटत नाही.

त्याच्या दुसऱ्या एका अशिलाबद्दल मात्र सांगायलाच हवं. वॉल्टर क्रिविट्स्की, सोव्हिएत हेरखात्याचा मोठा अधिकारी, १९३७ ला स्टालिनला सोडून पळाला, पुढे अमेरिकेत आला. कागदपत्रं, चौकशा, हद्दपारीची भीती, या सगळ्यात त्याचा वकील वॉल्डमन. १० फेब्रुवारी १९४१ ला वॉशिंग्टनच्या एका हॉटेलच्या खोलीत क्रिविट्स्की गोळी लागून मेलेला सापडला, जवळ तीन चिठ्ठ्या, त्यातली एक वॉल्डमनच्या नावे. पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाइल बंद केली. वॉल्डमननं पत्रकारांना जाहीर सांगितलं की हा खून असू शकतो, तपास परत करा, आणि एफबीआयच्या मागे लागला. काही हाती लागलं नाही. ज्याला वीस वर्षांपूर्वी रशियाधार्जिणा म्हणून सभागृहाबाहेर काढलं तोच हा.

१९८२ ला गेला, नव्वदीत.

---

रानमेवा

ऑर आणि डीविट यांच्याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. राजीनामा द्यायला नको होता. बाकी तिघांना न्याय मिळणार नव्हताच, निदान दोन मतदारसंघांना तरी आवाज मिळाला असता, आणि तोही घरभाड्याच्या अधिवेशनात. सगळे म्हणतात ना मतदार महत्त्वाचे, मग मतदारांनी बसायला पाठवलंय तर बसा.

---

कोर्टकचेरी

पण बसले असते तर सभागृहाच्या निवडीला मान्यता दिल्यासारखं झालं असतं, की आम्ही बरे आणि ते तिघे वाईट. पाचांचे जाहीरनामे एकच होते. यांना ठेवायचं आणि त्यांना काढायचं याला आधार काय होता?

---

सांजपर्व

@रानमेवा, मी पण यावर बराच विचार केलाय आणि माझा कल तुमच्याकडे झुकतो. ऑर आणि डीविटच्या, म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्स भागातल्या दोन मतदारसंघांत हजारो भाडेकरू, त्यांना त्या आठवड्यात सभागृहात माणूस हवा होता. दुसरीकडे हेही खरं की ऑरनं नोव्हेंबरात परत निवडणूक लढवली, जिंकली आणि १९२१ चं अख्खं वर्ष असेम्ब्लीत बसला, सॉलोमनही बसला. म्हणजे ब्राँक्सच्या लोकांना तरी तो राजीनामा खटकला नसावा.